श्वासाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने श्वसनसंस्थेवर लेख लिहावा, याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मैत्रिणींना हसू येईल, हे गृहीत धरूनच मी लेखणी हाती घेतली आहे. मराठी विभागाच्या संपादक सरांनीही, "तू जी. एस. टी. वर का लिहीत नाहीस?" असे विचारून पाहिले. पण जी. एस. टी. वर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि गेली चार वर्षे आमच्या घरात मुक्काम ठोकून बसलेला विषय हा आहे. तेव्हा वाचकहो, कुठे पारिभाषिक शब्द चुकला तर कॉमर्सवालीची चूक म्हणून पदरात घ्यावी.

माझे आजोबा संकेश्वरला मिरचीच्या अडत दुकानात लिलाव पुकारीत. संकेश्वरी मिरचीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पोत्यांच्या राशी, भोवती खरेदीदारांचे कडे आणि मधे आजोबा. एकच आकडा आधी मराठीत, लगेच कन्नडात, पुन्हा मराठीत, आणि हे सगळे एका दमात. मिरचीच्या खकाण्याने भोवतालची माणसे शिंकत, ठसकत, डोळे पुशीत. आजोबांचा आवाज मात्र शेवटच्या पोत्यापर्यंत तसाच खणखणीत. विडी ओढण्याची सवय त्यांना तरुणपणापासून होती. २०२१ साली, मी दहावीला असताना, त्यांचा घसा बसला. सुंठ झाली, हळददूध झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. बसलेला घसा उठेना. तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र संपूर्ण काढावे लागले.

शुद्धीवर आल्यावर आजी त्यांना म्हणाली, "अहो, काहीतरी बोला की!" त्यांचे ओठ हलले. छाती व्यवस्थित वरखाली होत होती. आवाज मात्र आला नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कॉलरच्या बटणाच्या जागी, एक भोक होते आणि श्वास तिथून आत-बाहेर करत होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. श्वास तर चालू आहे, तोंड शाबूत आहे, जीभ शाबूत आहे, मग आवाज नेमका कुठे गेला, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते इथे मांडते.

पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटी पाहिली नाही असा माणूस विरळाच. पेटीला मागे भाता असतो. भाता नुसता हलवला तर हवा सुटते, सूर येत नाही. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. हवा त्यांच्यावरून गेली म्हणजे त्या थरथरतात आणि सूर उमटतो. आपल्या देहात छाती हा भाता, गळ्यातले स्वरयंत्र ही पट्टी. पेटीला नसलेली तिसरी गोष्ट आपल्याला असते, ती म्हणजे तोंड. सुराचा शब्द तिथे होतो. हे तीन कारखाने वेगवेगळे आहेत, हे आपल्या कधी लक्षातच येत नाही, कारण जन्मल्याबरोबर फोडलेल्या पहिल्या टाहोपासून ते एकत्रच काम करीत आलेले असतात.

आधी भात्याचे पाहू. फुप्फुसे स्वतः श्वास ओढतात अशी माझी समजूत होती. तसे नाही. हवा ओढून घेतील असे स्नायू फुप्फुसांत नाहीतच. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा स्नायू आहे. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली सरकतो. बरगड्यांमधले स्नायू त्याच वेळी बरगड्या वर-बाहेर उचलतात. छातीची पेटी मोठी झाली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपण होऊन आत येते. शांतपणे बसलेल्या माणसाला श्वास सोडायला तर काहीच कष्ट पडत नाहीत. स्नायू सैल पडले की ताणलेले फुप्फुस रबरासारखे पूर्ववत होते आणि हवा बाहेर पडते.

आता जमाखर्च. आरामात बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि नळ्यांतच राहते, कामाच्या जागी पोचतच नाही. आमच्या भाषेत हा वाहतूक खर्च. उरलेली साडेतीनशे वायुकोशांपर्यंत जाते. हे वायुकोश म्हणजे अतिशय बारीक फुगे, दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी. सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. सत्तर चौरस मीटर म्हणजे साडेसातशे चौरस फूट, एका कुटुंबाला पुरेल एवढा फ्लॅट! तो आपण घडी घालून छातीत बाळगतो. दर मिनिटाला बारा ते पंधरा वेळा हा व्यवहार होतो. खूप ओढून घेतली तर पुरुषाच्या छातीत जवळजवळ सहा लिटर हवा मावते (स्त्रियांत थोडी कमी), आणि कितीही जोर लावून सोडली तरी सव्वा लिटरच्या आसपास आत राहतेच. ती काढता येत नाही. कंपनीचा राखीव निधी कसा, वाटून टाकायची परवानगी नसते, तसे हे.

आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के. कार्बन डायऑक्साइड आत जाताना ०.०४ टक्के, बाहेर येताना ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाहेर येणारी हवा ही देहाच्या दृष्टीने वापरून झालेली, टाकून द्यायची हवा. मला सर्वांत नवल वाटले ते इथे. आपण बोलतो ते या टाकाऊ हवेवर. आईने मारलेली हाक असो, सरांचे व्याख्यान असो, भाजीवालीशी केलेली घासाघीस असो, की आजोबांचा मिरचीचा लिलाव असो, सगळा माल भंगारातून तयार होतो. उसाच्या चिपाडावर गुऱ्हाळाची चूल पेटावी तसेच हे.

मात्र बोलायचे म्हटले की श्वासाची नेहमीची चाल बदलावी लागते. एरवी श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याहून थोडाच अधिक सोडायला लागतो. बोलताना मात्र चटकन हवा भरायची आणि सावकाश खर्चायची. दहातला एखादा भाग आत घेण्यात आणि नऊ भाग बोलण्यात, असे साधारण प्रमाण पडते. भरलेली छाती एकदम मिटू नये म्हणून बरगड्यांचे स्नायू सुरुवातीला ब्रेक लावून धरतात. हवा संपत आली की पोटाचे स्नायू मागून ढकलतात. आपण पुढे काय बोलणार, वाक्य लांब की आखूड, याचा अंदाज घेऊन मेंदू आधीच तितकी हवा भरतो. अंदाजपत्रकच म्हणा ना.

हे अंदाजपत्रक चुकले म्हणजे काय होते, ते मी नववीत असताना अनुभवले. वक्तृत्व स्पर्धा होती. भाषण तोंडपाठ होते, पण व्यासपीठावर पाय लटपटले, वरवरचे श्वास सुरू झाले आणि तिसऱ्याच वाक्यात, क्रियापदाच्या अलीकडे, हवा संपली. क्रियापद मी जवळजवळ गिळले. सभागृहात खसखस पिकली. रात्री आजोबांनी मला ओसरीवर बसवले. "पोरी, आकड्याच्या आधी श्वास भरायचा. आकड्याच्या पोटात भरलास तर घेणाऱ्याला वाटतं, हा डळमळला." मग त्यांनी माझ्या पोटावर पालथा हात ठेवायला लावला. श्वास घेताना खांदे वर गेले तर चूक, हात पुढे आला तर बरोबर. शरीरशास्त्राचे पुस्तक त्यांनी पाहिले नव्हते, पण श्वासपटल खाली सरकले की पोट पुढे येते, हे त्यांना बाजाराने शिकवले होते. पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते स्वतःच बोलेनासे झाले.

बोलणे सोडलेल्या श्वासावर चालते, याची साक्ष आपल्या मातीतल्या खेळातही आहे. हुतूतूत चढाई करणाऱ्याने एकच शब्द सलग का म्हणत राहायचे? त्याने मधे श्वास घेतला की नाही, हे पंचाला दुसरे कशावरून कळणार? आवाज सुटला आहे तोवर हवा बाहेर जात आहे. आवाज तुटला की चोरी पकडली. चालत्या श्वासाचे असे भर मैदानात ऑडिट करण्याची युक्ती ज्याने काढली, त्याचे अकौंटन्सीच्या पेपरात मी पूर्ण गुण दिले असते. (श्वास आत घेतानाही आवाज काढता येतो, नाही असे नाही, पण तो घोगरा, ओढल्यासारखा येतो आणि लगेच ओळखू येतो.)

बोलायला जोर किती लागतो, हे पाहायचे असेल तर घरी एक प्रयोग करावा. पेल्यात पाणी घ्या, शीतपेयाची नळी पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर बुडवा आणि हळू फुंका. बुडबुडे येऊ लागतील तेवढा दाब पाच सेकंद टिकवता आला की साध्या बोलण्यापुरता भाता ठीक आहे असे समजावे. बोलण्याला दाब फार लागत नाही, तो टिकून राहावा लागतो. ओरडायला अर्थातच अधिक लागतो.

या संदर्भात आपल्याच भागातल्या एका थोर माणसाची आठवण होते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व. घरची भाषा कन्नड, लिहिणे-बोलणे मराठीतही तितकेच सहज. ऐन पंचविशीत येण्याआधीच त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते माळव्यात देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाणे पूर्ण बंद ठेवावे लागले. एक फुप्फुस निकामी झाले. तरी १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले आणि १९९२ साली देहावसान होईपर्यंत गात राहिले. त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, चपळ, विजेसारख्या ताना आणि मधले बोलके विराम यांबद्दल जाणकार खूप सांगतात. मला गाण्यातले कळत नाही. हिशेबातले मात्र कळते. भांडवल अर्धे झाले, पण स्वरयंत्र शाबूत होते. एका फुप्फुसातूनही स्वरतंतूंना लागणारा दाब तयार होतो. साठा लवकर संपतो, म्हणून खर्च आखून करावा लागतो. आजोबांचे नेमके उलटे झाले. दोन्ही फुप्फुसे भरलेली, तिजोरी तुडुंब, आणि पैसे मोजून द्यायची खिडकीच बंद.

ती खिडकी म्हणजे स्वरयंत्र. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, वरखाली होणारा उंचवटा हाताला लागेल. त्याच्या आत दोन स्वरतंतू आडवे असतात. त्यांना तंतू म्हणत असले तरी त्या स्नायूच्या आणि पातळ पापुद्र्याच्या घड्या आहेत, प्रौढ पुरुषात दोनएक सेंटिमीटर लांब, स्त्रीत त्याहून आखूड. नुसता श्वास घेताना त्या दूर असतात. बोलायचे मनात आले की जवळ येतात, खालून हवा त्यांना ढकलून उघडते, त्या पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. पुरुष बोलतो तेव्हा असे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होते आणि स्त्री बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. वयात येताना मुलांच्या या घड्या झपाट्याने लांब आणि जाड होतात, म्हणून त्यांचा आवाज 'फुटतो'. जिवंत माणसाचे चालते स्वरतंतू आरशात नीट पाहून त्यांचा अभ्यास मांडला तो डॉक्टराने नव्हे, एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचे नाव. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टराचा छोटा आरसा स्वतःच्याच घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने सूर्याचा कवडसा आत पाडून हे दृश्य पाहिले. कुतूहल असावे तर असे!

खरे पाहता बोलणे हे स्वरयंत्राचे जोडकाम आहे. त्याची मूळ नेमणूक पहारेकऱ्याची. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण पडते, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. जेवताना बोललो आणि एखादे शीत चुकीच्या वाटेला लागले की ठसका लागतो, तो या पहारेकऱ्याने घातलेला आरडाओरडा. जड पोते उचलताना आपण श्वास कोंडतो, तेही हेच दार बंद करून. उचकी लागली की आपण म्हणतो, कोणीतरी आठवण काढली. खरे म्हणजे श्वासपटलाला अचानक झटका बसतो आणि आत येणाऱ्या हवेवर हे दार धाडकन आपटते. आठवण काढणाऱ्याचा तिथे संबंध नाही, पण आजीला हे पटलेले नाही.

गळ्यात तयार झाला तो नुसता गुणगुणाट. त्याचे अक्षर घडते वर, तोंडात. शाळेच्या व्याकरणात कठोर आणि मृदू वर्ण पाठ केले होते, ते का, हे त्या वेळी कळले नव्हते. गळ्यावर बोटे ठेवून आधी नुसता 'स्' लांबवा, मग 'म्' लांबवा. 'स्'ला गळा गप्प, 'म्'ला थरथर. क, च, ट, त, प या कठोर वर्णांना स्वरतंतू थांबलेले. ग, ज, ड, द, ब या मृदूंना चालू. बाकी तोंडातली जागा तीच. 'काय' आणि 'गाय' यांत फरक एवढाच, की जीभ हवा अडवते तेव्हा गळा बोलत होता की नव्हता. नाक दाबून 'मामा' म्हणून पाहा, 'बाबा'च्या जवळपास काहीतरी ऐकू येईल, कारण म आणि न यांची हवा नाकातून जाते.

आणि ते चौदा महाप्राण! ख, घ, छ, झ पासून श, ष, स, ह पर्यंत. प्राण म्हणजे श्वास. ज्याला श्वास जास्त लागतो तो महाप्राण. तळहात ओठांसमोर धरून 'तर' म्हणा, मग 'थर' म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला वारा लागेल. आपल्या पूर्वजांनी वर्णमालाच श्वासाच्या हिशेबाने मांडून ठेवली आहे. कन्नडाची वर्णमालाही तशीच मांडलेली, महाप्राण अक्षरे तिथेही आहेत; पण मूळच्या कन्नड शब्दांत ती जवळजवळ नाहीत आणि रोजच्या बोलण्यात संस्कृतातून आलेल्या शब्दांतलीही पुष्कळदा हलकी होतात. माझी आई गोकाककडची. तिच्या तोंडी 'भाग्य'चा 'बाग्य' होतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. 'ह' मात्र कन्नडात पावलोपावली: हालु, होगु, हसिरु, हत्तु. हे मुद्दाम सांगते, कारण याच 'ह'ने आमच्या घरात गोंधळ घातला.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे तोंड गळ्याच्या त्वचेला बाहेर जोडतात. पूर्ण स्वरयंत्र काढण्याची अशी शस्त्रक्रिया व्हिएन्नाचे शल्यविशारद बिलरोथ यांनी १८७३ साली प्रथम केली. यानंतर छाती आणि तोंड यांचा संबंध सुटतो. त्याचे परिणाम एकेक करून आमच्या लक्षात येत गेले. नाकाचे काम हवा गाळण्याचे, ऊबदार आणि ओलसर करण्याचे; ते थांबले. त्यामुळे धूळ थेट छातीत. आजोबा हट्टाने एकदा बाजारात गेले आणि मिरचीचा खकाणा त्या भोकातून आत गेला, त्या दिवशीचे त्यांचे खोकणे मी विसरणार नाही. आता गळ्यावर ओलसर मलमलीचा तुकडा असतो. नाकातून हवाच जात नाही, म्हणून वास येत नाही. मालाची परीक्षा वासावर करणाऱ्या माणसाला मूठभर मिरची नाकाशी धरून काही कळेना. दम कोंडता येत नाही, म्हणून ओझे उचलताना जोर लागत नाही. शिट्टी वाजवता येत नाही. फुंकर घालता येत नाही.

बोलण्यासाठी त्यांना एक विजेरीवरचे यंत्र मिळाले. दाढीच्या वस्तऱ्याएवढे, गळ्याला टेकवून बटण दाबले की गुणगुणते. ती गुणगुण कातडीतून घशात शिरते आणि तोंड नेहमीप्रमाणे हलवले की शब्द होतात. भाता छातीतला नाही, पट्टी विजेवरची, तोंड मात्र आजोबांचे. तीन कारखाने वेगळे आहेत, हे मला पहिल्यांदा पटले ते इथे. श्वासाचा आणि बोलण्याचा काही संबंध उरला नाही. ते श्वास आत घेत असतानाही बोलू शकतात. हुतूतूत उतरले तर कोणत्याही पंचाला सापडणार नाहीत, असे मी एकदा म्हटले आणि शस्त्रक्रियेनंतर ते प्रथमच हसले. हसण्याचाही आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

पण यंत्राची गुणगुण कठोर वर्णापाशी थांबत नाही. ओठांमागे साठलेल्या हवेवर प, त, क यांचा जेमतेम स्फोट होतो, पण मागे गळा चालूच असल्याने ऐकणाऱ्याला ब, द, ग वाटतात. 'काय'ची 'गाय' झाली. 'पाच'चे 'बाच' झाले. आणि 'ह' तर केवळ छातीतून आलेला वारा. तो तोंडाकडे येतच नाही, तर उमटणार कसा? 'हो'चा 'ओ' झाला. 'हजार'चा 'अजार' झाला. दुकानातला जुना खरेदीदार भेटायला आला, तेव्हा आजोबांनी विचारले, "पाच हजार मिळाले का?" त्याला ऐकू आले 'आजार', आणि तो बिचारा प्रकृतीची चौकशी सुरू झाली असे समजून आपल्या मधुमेहाचे सांगत बसला. कन्नडात 'हत्तु' म्हणजे दहा. त्याचे होई 'अत्तु', आणि 'अत्तु' म्हणजे 'रडून'. लिलाव पुकारणाऱ्या माणसाला आकडेच दगा देऊ लागले. गल्लीतली लहान मुले त्या आवाजाची नक्कल करू लागली, तशी त्यांनी यंत्र कपाटात ठेवून पाटी घेतली. सहा महिने घरात पाटीवर कारभार चालला.

त्यातून वाट त्यांनी स्वतःच काढली, आणि मला ती कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. दोन भाषा येतात, तर ज्या भाषेतला शब्द गळ्याला परवडतो तो घ्यायचा. हजार म्हणायचे तर कन्नडातले 'साविर', त्यात 'ह' नाही. दहा म्हणायचे तर मराठीतले, कारण तिथला 'ह' मधे आहे, 'दा' ऐकू आले तरी समजते. 'हो'ऐवजी 'बरं'. आजीला 'अहो' म्हणायची सवय, त्यांना तिला 'अगं' म्हणायची. त्यांचे काही अडले नाही. आता ते एका वाक्यात दोन-तीनदा भाषा बदलतात. परक्याला ती सीमाभागातली खिचडी वाटते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द तोलून घेतलेला असतो. आमच्या कन्नड विभागाच्या सरांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की जुन्या कन्नडात 'हत्तु' नव्हते, 'पत्तु' होते. त्या 'प'चाच पुढे 'ह' झाला. आजोबांना हे कळवले. त्यांनी यंत्र लावून 'पत्तु' म्हणून पाहिले. 'बत्तु' आले. मान हलवून त्यांनी 'दा'च कायम केले.

आणखी एक उपाय आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी, एकाच बाजूने उघडणारी झडप बसवतात. बोलताना गळ्यावरचे भोक अंगठ्याने बंद केले की छातीतली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथल्या वरच्या भिंती थरथरतात आणि आवाज येतो. घास मात्र उलट दिशेने श्वासनलिकेत येऊ शकत नाही. म्हणजे पट्टी नवी, पण भाता पुन्हा आपला स्वतःचा. परदेशी झडपा हजारो रुपयांच्या असतात. बंगळूरचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. विशाल राव यांनी उद्योजक मित्र शशांक महेश यांच्या साहाय्याने 'ऑम' नावाची झडप तयार केली आणि तिची किंमत पन्नास रुपये ठेवली, हे वाचून मी तो कागद आजोबांपुढे नेऊन ठेवला. पन्नास रुपये पाहून ते विचारात पडले. पण झडप अधूनमधून बदलावी लागते, स्वच्छ ठेवावी लागते, त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. शहात्तराव्या वर्षी पुन्हा टेबलावर पडायचे नाही, असे ते म्हणतात. बाबा त्यांच्या बाजूचे आहेत, आजी माझ्या. निकाल अजून लागलेला नाही.

सुटीत घरी गेले की मी त्यांना आमच्या अकौंट्सची उदाहरणे वाचून दाखवते. आकडा चुकला तर यंत्र न लावता नुसते ओठ हलवून ते दुरुस्त करतात; मला आता ते दिसल्याबरोबर समजते. दुपारचा चहा आला की मी सवयीने माझ्या कपावर फुंकर घालते. ते थोडा वेळ माझ्याकडे बघतात आणि आपला चहा बशीत ओततात.